खोलीत बदल करायचा नाही

एप्रिलात नागपूरला जायचं नसतं, असं मला सगळ्यांनी सांगितलं. सांगणाऱ्यांतले निम्मे कधी नागपूरला गेलेले नव्हते आणि उरलेले नागपूरचेच होते. मी तरी गेले. परत आल्यापासून जो तो विचारतोय, "ऊन कसं होतं?" ऊन होतं तसंच होतं. डोक्याला ओढणी गुंडाळली, पन्हं प्यायलं की ऊन सोसता येतं. जे सोसलं नाही ते सांगायला हे लिहितेय.

मी आयुष्यभर पुण्यात खोकी केली. म्हणजे औषधांची, बिस्किटांची, उदबत्त्यांची वेष्टणं डिझाइन केली आणि शेवटची काही वर्षं तेच मुलांना शिकवलं. वर्गात माझं एक ठरलेलं म्हणणं असे, की बंधन नसेल तर डोकं चालत नाही. दुकानदाराची फळी इतकीच उंच आहे, शाई दोनच रंगांची परवडते, खोकं ओल्या हातानंही उघडलं पाहिजे, असं काही समोर घट्ट उभं राहिलं की मगच काही सुचतं. नुसता कोरा कागद दिला तर मुलं त्यावर वेलबुट्टी काढत बसतात. हे मी आजही म्हणेन.

याच म्हणण्यापायी नागपूरच्या एका संस्थेनं मला परीक्षक म्हणून बोलावलं. स्पर्धेचा विषय होता, अडचणीतून कल्पकता. शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये ही संस्था अंगणवाड्यांना मदत करते. तिथल्या खोल्या उन्हाळ्यात तापतात, तर त्या थंड करण्याचा स्वस्त उपाय शोधायचा. ज्याचा उपाय निवडला जाईल त्याला सगळ्या अंगणवाड्यांचं काम मिळणार. नियम लहानसेच होते. खोलीला एक दार आहे, खिडकी नाही, आणि खोलीत बदल करायचा नाही. पुण्यात पंख्याखाली बसून वाचताना हा शेवटचा नियम मला फार आवडला होता.

बेसा

उतरले माझ्या मावसबहिणीकडे, सुनंदाकडे. ती बेसाला राहते. पूर्वी ती हे नाव सांगायची तेव्हा "म्हणजे नागपूरच्या पुढे" असं जोडायची. आता तिच्या गॅलरीतून पाहिलं तर इमारतींच्या मागे इमारती, आणि प्रत्येक खिडकीला बाहेरून टांगलेला एकेक पत्र्याचा कूलर. पुण्यात खिडकीतून झाडांच्या कुंड्या बाहेर येतात, तशा इथं या पेट्या. बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली टाकी, आत पंखा. होळी झाली की त्या माळ्यावरून उतरतात, रंग लागतो, नवा वाळा बसतो, आणि पहिल्यांदा पंप सुरू केला की घरभर ओल्या मातीसारखा वास पसरतो. त्या वासासाठी मी नागपूरला पुन्हा जाईन.

पहिल्याच दुपारी मी मूर्खपणा केला. जेवून आडवी झाले, कूलर लावला, आणि थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून समोरची खिडकी आणि दार नीट लावून घेतलं. आमच्याकडे एसी असलेल्या घरात हीच शिस्त असते. तासाभरानं जाग आली तेव्हा चादर ओलसर, फरशी चिकट, आणि माझ्या अंगाला जणू कोणी कणीक फासलेली. सुनंदानं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली.

"काहून वं ताई, खिडकी काहून लावली?"

"थंड हवा जाईल ना बाहेर."

"जाऊ दे ना मंग. जाईन तवाच नवी येईन. कूलरले वाट लागते वं बाहेर जायले. नाई तं तो घरातलीच वाफ फिरवत बसते." तिनं खिडकी उघडली, आणि खरंच, दोन मिनिटांत खोली खोलीसारखी झाली. "पुण्याचे लोक हवा पण कुलपात ठेवतेत," ती जाता जाता म्हणाली. पुढचे सगळे दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला तिनं हा किस्सा ऐकवला.

सकाळी तिच्या नवऱ्यानं चौकातून तर्री पोहे आणले. पोह्यांवर आमच्याकडे ओलं खोबरं आणि लिंबाची फोड येते. इथं वरून हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात आणि "अजून टाकू का" म्हणून विचारतात. मी हो म्हटलं आणि नंतर तांब्याभर पाणी प्यायले. निघताना सुनंदानं माझ्या पर्समध्ये एक कांदा टाकला. जवळ कांदा असला की ऊन लागत नाही, अशी इकडची रीत. मी हसले, पण काढून ठेवायची हिंमत झाली नाही.

इतवारी

परीक्षकांनी स्पर्धकांचं काम जागेवर जाऊन पाहावं, असं कागदावर होतं. बाकीचे दोन परीक्षक उन्हाचं कारण सांगून हॉटेलातच राहिले. मी रिक्षानं इतवारीत गेले. भांड्यांची, कापडाची, धान्याची ठोक दुकानं, गल्लीत एका वेळी एकच टेम्पो मावणार आणि त्याच वेळी समोरून पोत्यांनी लादलेला हातठेला येणार. दोघंही थांबायला तयार नसतात. पुण्यात अशा वेळी भांडण होतं. इथं भांडणही होतं आणि ते चालू असताना वाटही निघते.

स्पर्धकांपैकी एक, कुंदा पराते, तिथं पत्र्याचे कूलर बनवतात. वडलांचा लोखंडी पेट्यांचा कारखाना होता, लोकांनी पेट्या घेणं बंद केलं तेव्हा कुंदाताईंनी कूलर सुरू केले. पंचेचाळिशीच्या असतील, कॉमर्स शिकलेल्या, आणि आवाज असा की पत्रा कापायचं मशीन चालू असतानाही त्यांचं बोलणं शेजारच्या दुकानात पोचावं. माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलणारी बाई मला क्वचित भेटते, त्यामुळे आमचं लगेच जमलं.

त्यांचा कूलर पाहून मी खूश झाले ते मात्र आवाजामुळे नाही. या गल्लीत खिडकीबाहेर कूलर टांगला की ठेल्यावरची पोती त्याला घासतात, कधी ठेलाच अडकतो, आणि कूलरसकट सगळं खाली. म्हणून त्यांनी कपाटासारखा उभा, सडपातळ कूलर केला होता. तो खिडकीच्या चौकटीतच बसतो, दाराच्या एका फळीच्या जागीही बसतो, बाहेर बोटभरही येत नाही. बारीक केल्यामुळे वाळा कमी मावायचा, तर ताट्या निऱ्या घातल्यासारख्या दुमडून बसवल्या. गल्ली अरुंद नसती तर ही वस्तू जन्माला आली नसती. वर्गात वर्षानुवर्षं सांगितलेलं माझंच म्हणणं समोर पत्र्यात उभं होतं.

"आता बर्डीच्या बाजारात जाऊन पाहा," कुंदाताई म्हणाल्या. "जिकडं तिकडं प्लास्टिकचे कंपनीवाले कूलर. दिसते गोंडस. माझ्याकडं कोण येते जी? हे अंगणवाडीचं काम भेटलं तं कारखाना चालन. नाई भेटलं तं हा शेवटचा उन्हाळा. मशीन विकायले लागन, अन् माझे कारागीर कोणाच्या दुकानात पोते उचलतीन." हे त्या तक्रारीच्या सुरात बोलल्या नाहीत. उद्या बाजार बंद आहे असं सांगावं तसं सांगितलं.

"तुम्ही ती खोली पाहिली आहे का?" मी विचारलं.

"कोणी दाखवलीच नाई. मापं पाठवली फक्त. मी त्याइले म्हटलं, सोयरीक करता अन् पोरगी नाई दाखवत?"

मलाही कोणी दाखवली नव्हती. मग जेवून दोघींनीच जायचं ठरवलं. जेवण एका सावजी भोजनालयात. पाटवडी रस्सा मागवला. रश्श्यावरचा तेलाचा थर काळसर लाल, आणि पहिल्या घासाला माझ्या कानांतून काहीतरी निघून गेलं. कुंदाताईंनी माझ्याकडे पाहून दुसरी भाकरी मागवली आणि म्हणाल्या, "रडू येत असन तं रडा, इथं सगळेच रडते."

वस्ती

कूलर टेम्पोत टाकून आम्ही वस्तीत पोचलो. ऊन चढलेलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. अंगणवाडीची खोली पक्की होती, रंगवलेली, बाहेर फुलपाखरं काढलेली. वर सिमेंटचा पत्रा. आत पाऊल टाकलं आणि तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं.

सेविका पुष्पाताई मुलांना दारापाशी घेऊन बसल्या होत्या, कारण आत बसवत नाही. मुलांच्या कपाळाला केस चिकटलेले. एक छोटी मुलगी फरशीवर गाल टेकून झोपली होती, फरशीच काय ती थोडी गार. खाऊची खिचडी तशीच पडलेली. "जेवतच नाई जी पोरं," पुष्पाताई म्हणाल्या. "मागच्या उन्हाळ्यात एक पोरगा असाच पडला. दवाखान्यात न्यायले लागलं. त्याची माय आता त्याले पाठवत नाई."

कुंदाताईंनी दाराची एक फळी काढून तिथं कूलर बसवला. चालू केला. पहिली काही मिनिटं मुलं ओरडत समोर येऊन उभी राहिली. मग मला ओळखीची चिकट वाफ जाणवायला लागली, बेसाची ती दुपार. हवेला दुसरीकडून जायला वाट नव्हती. ती आतच फिरत होती आणि अर्ध्या दारातून परत कूलरच्या मागे जात होती. मुलांचे चेहरे आधी तापलेले होते, आता तापलेले आणि ओले झाले.

कुंदाताईंनी बटण बंद केलं. खोलीच्या मागच्या भिंतीवर हात ठेवला, मग बाहेरून वळसा घालून मागं जाऊन आल्या. मागं मोकळं पडीत रान होतं आणि एक मोठं कडुनिंबाचं झाड, त्याची दाट सावली नेमकी त्या भिंतीवर पडलेली. भिंतीलाही कान असतात म्हणतात, या भिंतीला साधं नाक नव्हतं.

"इथं भिंत फोडून एक जाळी काढली," त्या म्हणाल्या, "तं माझा कूलर काय, साधा टेबलफॅन पण कामी येईन. अन् जाळी नाई काढली तं कोणताच कूलर चालणार नाई. माझा पण नाई, अन् कोणाच्या बापाचा पण नाई."

"ही खोली बांधली कोणी?" मी पुष्पाताईंना विचारलं. मला वाटलं होतं, सरकारी काम असेल, कोणाची तरी परवानगी लागत असेल.

"त्याइनंच तं बांधली. संस्थेनं. नकाशा गोदामाचा होता म्हणे, तोच वापरला. सगळ्या अशाच आहेत."

मी तिथं दारातच संतापले. यांनीच खिडकी विसरायची, यांनीच ती बसवायला बंदी करायची, आणि यांनीच मग व्यासपीठावरून सांगायचं, बघा, अडचण आहे, आता कल्पकता दाखवा. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण मी ऐकली होती. नाक दाबून वर तोंड उघडण्याची स्पर्धा ठेवतात, हे नव्यानं कळलं. आणि ज्याचं नाक दाबलं होतं तो पोरगा दवाखान्यात जाऊन आला होता.

परतताना टेम्पोत कुंदाताई मागं ठेवलेल्या कूलरकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, तिथं हॉलमधे कूलर लावला तं भारीच चालन. हॉल तं आधीच थंडा आहे. मी काई बोललीच नाई, तं काम मलेच भेटन."

"ते तुम्ही ठरवा," मी म्हटलं. कारखाना त्यांचा होता.

सभागृह

सोहळा सीताबर्डीजवळच्या एका नव्या इमारतीत. चारी बाजूंनी काच आणि एकही तावदान उघडणारं नाही. आत एसी इतका जोरात, की सत्काराची शाल मला आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडली. मी ती अंगावरून काढलीच नाही. संयोजकांचं नाव लिहीत नाही. भर एप्रिलात ते कोट घालून होते म्हणून मी मनात त्यांना कोटसाहेब म्हणत असे. बोलायला गोड. त्यांनी सुरुवातच अशी केली, की ज्यांच्याकडे काही नसतं त्यांच्याकडेच कल्पकता असते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांच्याकडे सगळं असतं तेच या वाक्याला टाळ्या वाजवतात, हे मी तिथं बसून पाहिलं.

कॉलेजच्या मुलांच्या एका गटानं ओल्या पडद्याचा पंखा आणला होता. दिसायला देखणा, वर छोटा दिवा लुकलुकणारा. मुलं हुशार होती, त्यांचा राग नाही. त्यांनाही खोली दाखवली नव्हती.

मग कुंदाताई उठल्या. कूलर चालू केला, पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर सावरले, कोटसाहेबांनी वा वा केलं. मी खाली पाहत बसले. आणि मग तो आवाज आला, माइकची गरज नसलेला.

"हा इथं चालून राहिला. तिथं नाई चालणार. मी काल लावून पाह्यला. मागच्या भिंतीले एक जाळी काढा, हवा जाईन अशी. मंग मी कूलर देते, अन् पाच उन्हाळे माझा भरोसा. जाळी नाई काढायची तं माझं नाव काटून टाका."

कोटसाहेब हसले. "ताई, खोलीत बदल करायचा नाही, हीच तर मर्यादा आहे. मर्यादा म्हणजेच संधी."

"मतलब तुमच्याकडं छन्नी-हातोडा नाई का?"

सभागृहात हशा पिकला. कोटसाहेब हसायचे थांबले. मी बोलायला उठले आणि शालीखालून पेन काढायला पर्समध्ये हात घातला, तर सुनंदाचा कांदा बाहेर पडला आणि टेबलावरून घरंगळत कोटसाहेबांच्या पाण्याच्या बाटलीला जाऊन टेकला. मी तसाच राहू दिला.

मी म्हटलं, "मी बंधनांची बाजू घेणारी आहे, म्हणून तुम्ही मला बोलावलंत. इतवारीची गल्ली हे बंधन आहे. ती रुंद करायची तर लोकांची घरं पाडावी लागतील, म्हणून या बाईंनी कूलर बारीक केला. ती कल्पकता. तुमची भिंत हे बंधन नाही. ते तुमचं राहून गेलेलं काम आहे. स्वतःचं राहिलेलं काम दुसऱ्याला कोडं म्हणून घालू नका. त्या कोड्यात मुलं बसली आहेत."

कोणी टाळी वाजवली नाही. कोटसाहेबांनी माझे आभार मानले, अत्यंत नम्रपणे, आणि "ज्येष्ठांची तळमळ" असा शब्द वापरला. बाकीच्या दोन परीक्षकांनी नियमाप्रमाणे निवड केली. काम ओल्या पडद्याच्या पंख्याला मिळालं. कुंदाताईंना जिद्दीबद्दल एक ढाल दिली. खरं बोलल्याची शिक्षा इतकी चकचकीत असू शकते, हे मला माहीत नव्हतं.

बाहेर रस्त्यावर उन्हात आलो तेव्हा मी त्यांना म्हटलं, "तुम्ही गप्प राहिला असता तर चाललं असतं."

"चाललं असतं ना जी," त्या म्हणाल्या. "पण ते फरशीवर झोपेल पोरगी दिसून राहिली होती ना." मग ढाल टेम्पोत मागं टाकली आणि ड्रायव्हरला वस्तीचा रस्ता सांगितला.

पुन्हा वस्ती

पुष्पाताईंना काय करायचं ते सांगितलं. त्या मुलांना उठवत म्हणाल्या, "मी आता पोराइले घेऊन झाडाखाली बसते. आत काय होऊन राहिलं ते मले माहीत नाई." अंगणवाडीतल्या एका मुलाचे वडील गवंडी होते, त्यांना बोलावलं. छन्नीचा पहिला घाव पडला तेव्हा वस्तीतल्या बायका गोळा झाल्या. कोणी घमेलं आणलं, कोणी पन्हं. जो पोरगा दवाखान्यात गेला होता त्याची आईही होती, ती पडलेल्या विटा उचलून बाजूला लावत होती. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. इतके दिवस त्या भिंतीकडे पाहून प्रत्येकीच्या मनात तेच आलेलं होतं, फक्त भिंत कोणाची, हा प्रश्न होता.

उन्हं कलायच्या आत जाळी बसली. कुंदाताईंनी दारात कूलर लावला. दारातून आत शिरलेली हवा सरळ खोलीतून वाहत जाऊन मागं निंबाकडे निघून गेली. ती छोटी मुलगी खिचडीचा वाडगा घेऊन खोलीच्या अगदी मधोमध जाऊन बसली आणि खायला लागली. मला रडू आलं. या वेळी सावजीचं कारण नव्हतं.

"कूलर दिला का तुम्ही त्यांना?" मी विचारलं.

"दिला नाई, ठेवला. त्याइले अक्कल आली अन् काम भेटलं, तं त्यात धरीन. नाई आली तं दिवाळीनंतर उचलीन," कुंदाताई म्हणाल्या. त्या उचलणार नाहीत हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. संध्याकाळच्या गाडीनं मी निघाले. सुनंदानं डब्यात संत्रा बर्फी आणि पर्समध्ये नवा कांदा घातला.

पुणे

घरी येऊन कपडे धुऊन झाले, बर्फी संपली. मे सरत आला होता. एक दिवस कुंदाताईंचा फोन आला. आवाजावरून मशीन बंद असल्याचं कळलं. एरवी त्यांच्या मागं सतत पत्रा किंचाळत असतो. दोन कारागीर दुसरीकडे लागले, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "मॅडम, संस्थेवाले आले होते बरं का वस्तीत. जाळी पाहून एकदम खूश. म्हणे, हेच तं आम्ही सांगून राहिलो होतो, काई नसतानी लोक कसा रस्ता काढतेत. मोठा फोटो काढला जाळीचा."

"चला," मी म्हटलं, "नाव त्यांचं होऊ दे. निदान बाकीच्या अंगणवाड्यांना तरी जाळ्या मिळतील."

"जाळ्या नाई जी. फोटो. काचेच्या फ्रेममधे. सगळ्या खोल्यांमधे लावून राहिले. मागच्या भिंतीवर, बरोबर मधात."

मग मी विचारलं, "फ्रेम लावायला भिंतीत खिळा ठोकला असेल ना?"

"ठोकला ना जी," कुंदाताई म्हणाल्या. "चांगला मोठा."